वस्त्रगाळ

सगळं अडवणारी गाळणी करणं सोपं.
कापड दाट करायचं, झालं.
मला हवी होती चुकणारी जाळी,
फुफ्फुस जिथे चुकतं तिथेच
आणि तेवढंच चुकणारी.

सोहारच्या बंदरामागे पत्र्याच्या शेडला चिकटून
आमची खोली. एसीचं पाणी बादलीत टिपटिपतं.
टेबलावर नायलॉनच्या चकत्या, एकावर एक आठ,
रुपयाच्या नाण्याएवढ्या.
सलीम अल मामरी त्यांना खुबूस म्हणतो
आणि चिमट्याने उचलताना श्वास रोखून धरतो.

जाड कणांना घशाचं वळण घेता येत नाही,
सरळ भिंतीवर आदळतात,
नवशिक्याची सायकल बोळात आदळते तसे.
त्याहून हलके पुढच्या फांद्यांमध्ये
सावकाश खाली बसतात, पाहुण्यासारखे.
आणि वेल्डिंगच्या निळ्या धुरातले अगदी बारीक,
त्यांना वजन म्हणून नाहीच;
हवेचे धक्के खात, अडखळत
कुठेतरी भिंतीला लागतात. लागले की लागले.
पण काही असतात अधल्यामधल्या मापाचे,
ना जड, ना भटके.
ते आत जातात, सगळं घर बघतात
आणि उच्छ्वासाबरोबर परत निघतात.
त्यांना जाऊ द्यायचं.
हेच माझ्या जाळीला शिकवताना
दोन वर्षं गेली.

कुरुंदवाडला आमची पिठाची गिरणी होती.
अप्पा चिमटीत घेऊन सांगायचे:
ही भरड, हे भाकरीचं, हे सपीट.
आणि वैद्यांच्या पुड्यांसाठी
आई धोतराच्या जुन्या पानातून झाडायची
ते वस्त्रगाळ.
भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या,
अप्पा दिवसभर म्हातारे असायचे
आणि आंघोळीनंतर तरुण.
त्यांच्या आत काय काय चाळलं गेलं
ते कुणी पाखडून पाहिलं नाही.

इलियास परकार हर्णैचा.
एकोणीस वर्षं टाक्यांच्या पोटात बसून सांधे जोडतो.
कॉलरला जाळी लावताना म्हणाला,
"मॅडम, हे नाक कोणाचं?"
सरासरीचं, मी म्हटलं.
कागदावर एक माणूस आहे,
तो नाकाने श्वास घेतो, दमत नाही,
त्याला पडसं होत नाही.
"नशीबवान आहे," परकार म्हणाला.
त्याचं नाक लहानपणी वल्ह्याने मोडलंय.
तो तोंडानेच श्वास घेतो,
आणि माझ्या आलेखात
त्याच्यासाठी रेघ नाही.
रात्री मी एक चकती काढून पाहिली.
पुन्हा घातली.

असरच्या नमाजाला त्याने जाळी खिळ्याला टांगली.
पंप चालूच राहिला.
अकरा मिनिटं तो खिळा श्वास घेत होता.
हिशेबातून मी ती वजा केली,
मग वाटलं, ती हवाही
कुणाच्या तरी वाट्याची होतीच की.

चकत्या आम्लात बुडवल्या.
मँगनीज, लोखंड, जरासं क्रोम.
पाणी नितळ. बघून कुणी प्यावं इतकं.
दुसऱ्या दिवशी परकार आकडा ऐकायला आला.
"यातलं जाळीत किती, माझ्यात किती?"
तेवढंच, मी म्हटलं. म्हणजे, साधारण तेवढंच.
तशीच बनवलीय ती.
त्याने नवी चकती उजेडाला धरली.
आरपार बघत म्हणाला,
"हिला तुम्ही धुता."

मी काही बोलण्याआधी
चकती त्याच्या बोटांतून निसटली.
शिंपीसुद्धा शोधणार नाही इतकी पातळ,
फरशीच्याच रंगाची.
मग सलीम, परकार आणि मी
तिघंही गुडघ्यांवर,
आमच्याच श्वासाने उडेल म्हणून
तोंडावर हात धरून शोधत राहिलो.